धर्माचा रकाना

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी निसटलेलं एक-दोन ठिकाणी भरून घेतलं आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, माजी विद्यार्थ्यांची सूची कशी होणार ते दहा मिनिटांत सांग." सूचीबद्दलच सांगणार आहे, पण दहा मिनिटांत ते बसणार नाही. जेवणाला उशीर झाला तर मला बोला, केटररला नको.

सूचीसाठी फॉर्म तयार करायला आपली पाच-सहा जणांची समिती बसली. नमुना म्हणून समोर आलं ते शाळेचं जनरल रजिस्टर, कारण शाळेतली नोंद म्हटली की डोळ्यांसमोर तेच येतं. तुमच्या सगळ्यांच्या घरी कपाटात शाळा सोडल्याचा दाखला असेल. विद्यार्थ्याचं नाव, धर्म, जात, पोटजात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रगती, आणि "वर्तणूक : चांगली". (ते "चांगली" मागच्या बाकावरच्या कंपनीलाही मिळालं होतं, तेव्हा त्याची किंमत किती ते आपण जाणतोच.) तेच रकाने उचलून आपल्या फॉर्मवर आले, फक्त पोटजात गळली. नाव, पत्ता, मोबाइल, ई-मेल, व्यवसाय, रक्तगट, धर्म, जात.

मी विचारलं, शेवटचे दोन कशाला? उत्तर आलं, "पूर्वीपासून आहेत."

चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर सांगते, आमच्या धंद्यातली अर्धी दुखणी या दोन शब्दांतून जन्माला येतात. कुणीतरी कधीतरी एक रकाना ठेवला. का ठेवला ते सांगणारा माणूस नोकरी सोडून गेला, पण रकाना राहिला आणि लोक तो भरत राहिले. भरलेला रकाना रिकामा करायची कुणाची छाती होत नाही. उद्या लागला तर?

काही वर्षांपूर्वी मी जर्मनीतल्या एका ग्राहकासाठी पगारपत्रकाच्या प्रणालीवर काम करत होते. युरोपात खाजगी माहितीचे नियम कडक. माणसाचा धर्म ही तिथे विशेष जपायची माहिती, आजारपणाइतकीच. असं असताना कर्मचाऱ्याच्या नोंदीत धर्माचा रकाना दिसला, तेव्हा मी चकित झाले. चौकशी केली तर कळलं की तिथे चर्चचा सभासद असलेल्या माणसाच्या पगारातून चर्चचा कर कापला जातो, दोन राज्यांत प्राप्तिकराच्या ८ टक्के आणि बाकी ठिकाणी ९ टक्के. म्हणजे रकान्याला कारण होतं. पण तो रकाना कोण उघडू शकतं, कुणी कधी उघडला याची नोंद कुठे होते आणि माणूस नोकरी सोडून गेल्यावर त्याचं काय करायचं, यावर आमच्या जितक्या बैठका झाल्या तितक्या पगाराच्या आकड्यावर झाल्या नाहीत. एका बैठकीत मी थोडी वैतागले, तेव्हा तिकडची एक वयस्क बाई शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे याचा इतिहास आहे." पुढे काही बोलली नाही. मग तो इतिहास मी वाचायला घेतला, आणि तो जर्मनीपेक्षाही शेजारच्या हॉलंडमध्ये जास्त स्पष्ट दिसतो.

दुसऱ्या महायुद्धाआधी हॉलंडची लोकसंख्या-नोंदणी म्हणजे जगातल्या उत्तम नोंदण्यांपैकी एक. १९३६ पासून प्रत्येक नागरिकाचं एक कार्ड. त्यावर नाव, जन्म, पत्ता आणि धर्म. त्यात वाईट हेतू काही नव्हता. सरकारी कारभार नीट चालावा, एवढंच. या कामाचा प्रमुख होता याकोबस लेन्त्स नावाचा अधिकारी, कमालीचा काटेकोर. १९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्य आलं. १९४१ च्या जानेवारीत ज्यूंनी स्वतंत्र नोंद करावी असा हुकूम निघाला. सुमारे १,६०,००० लोकांनी, ज्यांचे आजी-आजोबा ज्यू होते अशांसकट, ती केली. कारण सरकारी फॉर्म आला की भरायचा, ही सवय. लेन्त्सनं असं ओळखपत्र तयार केलं की त्याची नक्कल करणं महाकठीण. कुणी त्याच्यावर बंदूक रोखून हे करवून घेतलं नव्हतं. त्याला आपलं काम उत्तम व्हायला हवं होतं.

त्याच वर्षी ॲमस्टरडॅम महापालिकेच्या सांख्यिकी खात्यानं शहराचा एक नकाशा केला. नकाशावर काळे ठिपके. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू माणसं. मी तो नकाशा इंटरनेटवर पाहिला आहे. व्यवसायाच्या नजरेनं पाहिला तर काम अतिशय स्वच्छ आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्यातले कितीतरी जण आज तक्ते, नकाशे आणि ॲप्स करून पोट भरतात.

हॉलंडमधले सुमारे १,४०,००० पैकी १,००,००० हून जास्त ज्यू मारले गेले. म्हणजे चारातले तीन. शेजारी फ्रान्समध्ये हे प्रमाण चारात एक होतं. तिथल्या जनगणनेत १८७२ नंतर धर्म विचारलाच जात नव्हता. एकट्या नोंदवहीमुळे हा फरक पडला असं नाही. हॉलंड सपाट आहे, लपायला डोंगर नाहीत, तिथली जर्मन राजवट वेगळी होती, कारणं पुष्कळ. पण दारावरची थाप बरोबर त्याच घरावर पडली, ती कार्डावर पत्ता होता म्हणून. ॲन फ्रँकची डायरी आपल्यापैकी अनेकांनी वाचली आहे. ती याच शहरात लपली होती.

१९४३ च्या २७ मार्चला ॲमस्टरडॅममधल्या काही माणसांनी पोलिसांचे गणवेश घालून नोंदणी कार्यालयात प्रवेश केला आणि कार्डांना आग लावली. हे कलावंत, वैद्यकीचे विद्यार्थी, असे लोक. आग विझवायला आलेल्या बंबवाल्यांनी सावकाशीनं आणि गरजेपेक्षा खूप जास्त पाणी मारलं, म्हणजे जळालं नाही ते भिजून जावं. तरी बहुतेक कार्डं वाचलीच. बारा जणांना जुलैत गोळ्या घातल्या.

आपल्या कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले शनवार तेली, हेही ज्यूच. शतकानुशतकं अलिबाग-पनवेलच्या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवत राहिले, मराठी बोलत राहिले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात एवढीच त्यांची गावाला ओळख. ठाण्यातलं सिनेगॉग तुमच्यापैकी काहींनी जाता-येता पाहिलं असेल. त्यांच्या दारावर अशी थाप कधी पडली नाही. ही आपल्या मातीची खरी पुण्याई, आणि ती सांगताना मला अभिमान वाटतो. पण एवढ्यावर थांबून चालत नाही, कारण याद्या आपल्याकडेही वापरल्या गेल्या आहेत.

१९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची घरं शोधायला जमावाच्या हाती मतदार याद्या होत्या, असं वाचलेल्यांनी चौकशांपुढे पुन्हा पुन्हा सांगितलं. सरकारी आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ माणसं मेली. मतदार यादी ही लोकशाहीतली किती साधी, निरुपद्रवी गोष्ट!

आणि मुंबई. डिसेंबर १९९२ मध्ये आपण आठवीत होतो. आपल्याला त्या वयात कळलं ते इतकंच की मोठी माणसं हळू आवाजात बोलायला लागली. माझा मामा तेव्हा मुंबईत एका सोसायटीत राहायचा. जिन्याखाली नावांची मोठी लाकडी पाटी, तुम्हाला माहीत आहे तशी : खोली नंबर आणि आडनाव. इमारतीत दोन मुसलमान कुटुंबं. जानेवारीत गडबड पुन्हा सुरू झाली तेव्हा कुणीतरी सुचवलं की त्या दोन पट्ट्या काढून ठेवू. सोसायटीचे सेक्रेटरी एका गिरणीत फिटर होते. ते म्हणाले, "दोन काढल्या तर दोन रिकाम्या जागा दिसतील. त्याच खुणा होतील." त्यांनी रात्री स्क्रू काढून पाटीच उतरवली आणि गच्चीच्या टाकीमागे ठेवली. घरांच्या दारांवरच्या पाट्याही सगळ्यांनी काढल्या, जोशी-पाटलांनी धरून. पुढे दोन-तीन महिने पोस्टमन वैतागला होता म्हणे.

मी इंजिनिअरिंग केलं, माहिती सुरक्षित ठेवण्याचे कोर्स केले, पण "फक्त दोघांची लपवली तर लपवणं हीच खूण होते" हे तत्त्व इतक्या थोडक्यात मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

त्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगानं केली. मधे १९९६ मध्ये सरकारनं आयोग गुंडाळला, मग काही महिन्यांनी पुन्हा नेमला. १९९८ मध्ये अहवाल आला. ९०० मृत्यू; त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, उरलेले इतर किंवा ओळख न पटलेले. ज्यांना या विषयावर ठाम मतं आहेत, दोन्ही बाजूंची, त्यांनी आधी तो अहवाल वाचावा अशी माझी आगाऊ सूचना आहे.

याच न्यायमूर्तींकडे वीस वर्षांनी दुसरं एक काम आलं, आणि ते माझ्या धंद्यातलं. देशातल्या माणसांच्या खाजगी माहितीचं रक्षण कसं करावं, यासाठीच्या समितीचे ते अध्यक्ष होते. २०१८ मध्ये समितीनं कायद्याचा मसुदा दिला. त्यात धर्म, जात, आरोग्य वगैरे माहिती "संवेदनशील" ठरवून तिला जास्तीचं कुलूप लावलं होतं. शेवटी २०२३ मध्ये जो कायदा संमत झाला, त्यात हा वेगळा वर्गच राहिला नाही. तुमचा धर्म आणि तुमचा ई-मेल पत्ता कायद्याच्या नजरेत एकाच पातळीवर. माझ्या मते हे चुकलं. कंपन्यांना सोपं जावं म्हणून असेल. पण ज्या देशात आडनाव विचारून घर भाड्यानं द्यायचं की नाही हे ठरतं, त्या देशात ते कुलूप हवं होतं.

आता कुणी म्हणेल, मग धर्माची नोंदच बंद करा, सगळे भारतीय, विषय संपला. तेही मला पटत नाही, आणि याचं कारण आपल्याच वर्गात बसलेलं आहे. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर किती घरांत मुलाला शाळेत घालताना बापाच्या मनात घालमेल झाली असेल, रकान्यात "बौद्ध" लिहावं की नाही! कारण अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळायला १९९० उजाडावं लागलं. खरं लिहिलं तर सवलत जाते, सवलत घेतली तर धर्म लपवावा लागतो. चौतीस वर्षं लोकांनी हे सोसलं. ती घालमेल त्या एका रकान्यात होती, आणि न्याय मिळाला तोही त्याच रकान्याच्या आधारे. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल घ्या. शिक्षणात, बँकांच्या कर्जात, सरकारी नोकरीत मुसलमान कुठे मागे आहेत हे कळलं ते मोजलं म्हणून. मोजलंच नाही तर "कुणावर अन्याय होत नाही" हे म्हणणं फार सोपं जातं.

म्हणून मोजणी वेगळी आणि यादी वेगळी. जनगणनेचा १९४८ चा कायदा हा फरक ओळखतो. तुम्ही जनगणनेत जे सांगता त्याचा एकत्रित आकडा छापला जातो, पण तुमचा स्वतंत्र कागद कुणाला पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही सहसा आणता येत नाही. २०११ मध्ये महाराष्ट्रात ११.५ टक्के मुसलमान, ५.८ टक्के बौद्ध, हे सगळ्यांना कळतं. तुमच्या गल्लीत कुणाच्या दारात कोण, हे त्या कागदावरून कळू नये, अशी ती रचना. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी, कॉम्प्युटर नसताना, कुणीतरी हे नीट विचार करून लिहिलं आहे.

कायदे आहेत. घटनेतली कलमं आपण नागरिकशास्त्रात वीस मार्कांसाठी पाठ केली. अल्पसंख्याक आयोग आहे. २०१८ मध्ये झुंडबळींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. आपल्या जिल्ह्यात तो कोण आहे, हे इथे कुणाला माहीत असेल तर हात वर करा. (सभागृहात एकही हात वर झाला नाही.)

त्यापेक्षा आपल्याला जवळचं उदाहरण भिवंडीचं. इथून एसटीनं तासाभरावर. आपल्यातल्या काहींच्या वडिलांचा रोजचा संबंध तिथल्या मागांशी होता. १९७० ची आणि १९८४ ची, दोन दंगलींनी त्या गावाचं नाव इतकं खराब केलं होतं की मुंबईत काही झालं की आधी भिवंडीची बातमी ऐकायची. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी सुमारे ७० मोहल्ला कमिट्या केल्या, प्रत्येकीत दोन्ही धर्मांची माणसं आणि त्या भागाचा पोलीस. पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं जास्त. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे, या कमिट्या दंगल झाल्यावर शांततेचे फलक घेऊन उभ्या राहण्यासाठी नव्हत्या. काही घडलेलं नसताना त्या बसायच्या. नळावरची भांडणं, मारामाऱ्या, छोट्या-मोठ्या तक्रारी. त्यामुळे ९२ च्या डिसेंबरात अफवा आली तेव्हा ती खरी की खोटी हे विचारायला कुणाच्या घरी जायचं, ते दोन्ही बाजूंना माहीत होतं. मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. खोपडे यांच्या पुस्तकाचं नावच आहे "मुंबई जळाली, भिवंडी का नाही?" पुढे मुंबईतही १९९४ पासून ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिट्यांचं काम उभं केलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हर पडल्यावर कुणाला फोन करायचा हे सर्व्हर पडायच्या आधी ठरलेलं असावं लागतं.

आता थोडं कडू बोलते. आपला व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे वाढदिवस, शाळेचे जुने फोटो, गुडघेदुखीवरचे उपाय, सगळं छान चालतं. पण अधूनमधून एका विशिष्ट समाजाबद्दल जे फॉरवर्ड येतात, ते वाचून आपली एक वर्गमैत्रीण दोन वर्षांपूर्वी ग्रुप सोडून गेली. न भांडता, न बोलता. "लेफ्ट" अशी एक करडी ओळ आली आणि तिच्यावर लगेच कुणाचातरी गुड मॉर्निंगचा सूर्य उगवला. मी त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं, तेव्हा काहींना राग आला. "तिच्याबद्दल थोडंच होतं ते!" असं उत्तर आलं. खरं आहे, तिच्याबद्दल नव्हतं. तिच्याबद्दल कुणाला काही वाईट बोलायचंच नव्हतं, सगळ्यांची ती लाडकी. पण तिनं मला फोनवर एवढंच विचारलं, "माझा पत्ता त्या ग्रुपवर कुणी टाकला होता ना, मुलीच्या लग्नाच्या वेळी? तो काढता येईल का गं?"

काढता येत नाही. छप्पन्न फोनांत तो उतरलेला आहे.

२०१८ च्या एक जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षुकी करणाऱ्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा मोबाइलवरच्या अफवांचे ते दिवस. ते तर अल्पसंख्याकही नव्हते, फक्त परके होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अभियंत्यांना जे करता येतं ते एवढंच. सहाव्या ठिकाणी पाठवायला अडथळा येतो, पहिल्या ठिकाणी नाही.

तर आपली सूची. मी ती अशी केली आहे. धर्म आणि जात हे रकाने नाहीत. कुणाच्याच फॉर्मवर नाहीत. एक सर मघाशी मला म्हणाले, "अगं, पण आडनावावरून कळतंच की!" बरोबर आहे सर, कळतं. आजकाल तर आडनावांची यादी दिली की कॉम्प्युटर क्षणात वर्गवारी करून देतो. म्हणूनच नाव आणि घरचा पत्ता एकत्र कुणालाच दिसणार नाही. शोधलं तर नाव, तुकडीचं वर्ष आणि शहर, इतकंच दिसेल. फोन हवा असेल तर विनंती जाईल, आणि समोरच्यानं होकार दिला तरच नंबर मिळेल. संपूर्ण यादी उतरवून घेण्याचं बटण नाही. समितीतल्या दोघांना ते हवं होतं, निमंत्रणपत्रिकांची पाकिटं छापायला सोपं जाईल म्हणून; पाकिटं मी छापून देईन. या सभागृहातले, गावातले वजनदार लोकही विनंतीच करतील. आणि कुणी "माझं नाव काढा" म्हटलं तर ते खरोखर पुसलं जाईल, नुसतं झाकलं जाणार नाही. रक्तगट ठेवला आहे. त्याला कारण आहे.

मेळाव्याला ये, असं मी तिला तीनदा सांगितलं. "बघते" म्हणाली. आज ती आलेली नाही. सूचीचं मात्र तिला मी तपशिलात समजावून सांगितलं. नवऱ्याशी बोलून कळवते म्हणाली, आणि परवा तिचा फॉर्म आला. नाव, वर्ष, शहर आणि रक्तगट, बी पॉझिटिव्ह. पत्त्याची जागा कोरी आहे.

फॉर्म बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. पेन थोडी आहेत, वापरून परत ठेवा. ज्यांनी सकाळी जुन्या नमुन्याचे भरले, त्यांचे मी बाजूला काढले आहेत; जेवणानंतर आपापले घेऊन फाडून टाका, नवे भरा.